शाळेत मुलाला गोचीड चिकटली तर कायद्याने काय सांगायला हवं?

केतकी_पी

पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट या पट्ट्यातल्या पालकांसाठी मुद्दाम हा धागा काढते आहे. शाळेच्या वेळेत मुलाच्या अंगावर गोचीड सापडली तर शाळेने काय करायचं, हे राज्याच्या कायद्यात स्पष्ट असावं अशी मागणी इथे बऱ्याच काळापासून आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात तशी विधेयकंही आली. त्यांचा भर पालकांना कळवण्यावर आणि काढलेली गोचीड जपून ठेवण्यावर होता. दोन्ही गोष्टी हव्यातच. पण माझ्या मते कायद्याचं पहिलं वाक्य वेगळं हवं: गोचीड दिसली की ती तिथेच, लगेच काढायची. फोन त्यानंतर.

हे लिहून ठेवायची गरज आहे, कारण काही शाळांत क्रम उलटा असतो. आधी पालकांना फोन जातो, "येऊन घेऊन जा, डॉक्टरकडे काढून घ्या." आई-बाबा कामावर, फोन मीटिंगमध्ये बंद. मूल मानेवर गोचीड घेऊन गणिताच्या तासाला बसलेलं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची गोचीड सकाळी दिसली आणि संध्याकाळी आई आल्यावर निघाली. शाळेतल्या कुणाचा हेतू वाईट नव्हता. हात लावायला परवानगी आहे की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम या आजाराचा जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतो. ती रक्त प्यायला लागली की तो हळूहळू लाळग्रंथींपर्यंत येतो आणि तिथून आपल्या शरीरात शिरतो. म्हणून साधारण २४ तासांच्या आत गोचीड काढली तर लाइमचा धोका फारच कमी राहतो. आता यातली मेख बघा. सकाळी दहाला शाळेत दिसलेली गोचीड नेमकी कधी चिकटली, हे कुणीच सांगू शकत नाही. ती आदल्या दिवशी दुपारी अंगणातून आलेली असू शकते. म्हणजे शाळेत वाट बघण्यात गेलेले पाच-सहा तास नेमके धोक्याची रेषा ओलांडणारे ठरू शकतात. पोवासन नावाच्या विषाणूला तर पंधरा मिनिटंही पुरतात. तो दुर्मीळ आहे, पण नॉर्थ कॅरोलायनाच्या माजी सिनेटर के हेगन २०१९ मध्ये त्याच आजाराच्या गुंतागुंतीतून गेल्या. गोचिडींमधून पसरणाऱ्या आजारांविरुद्धचा, त्यांच्याच नावाचा 'के हेगन टिक अ‍ॅक्ट' त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झाला.

मुलं या विषयाच्या केंद्रस्थानी पहिल्यापासून आहेत. कनेक्टिकटमधल्या लाइम गावात आणि आसपास एवढ्या मुलांचे गुडघे एकाच वेळी का सुजताहेत, हा प्रश्न १९७५ मध्ये पॉली मरे आणि जुडिथ मेन्श या दोन आयांनी लावून धरला. मग येल विद्यापीठातले अ‍ॅलन स्टीअर तिथे पोचले. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ रुग्ण होते आणि त्यातली ३९ मुलं होती. जिवाणूचा शोध विली बर्गडॉर्फर यांनी त्यानंतर लावला. आजही ५ ते ९ वर्षांच्या मुलांत लाइमचं प्रमाण जास्त असतं. अमेरिकेत दरवर्षी अंदाजे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, असं सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते.

कायदे नाहीत असं नाही. पेनसिल्व्हेनियाचा २०१४ चा 'अ‍ॅक्ट ८३' आहे. रुग्णांवर देखरेख, कृतिदल, लोकशिक्षण असं बरंच काही त्यात आहे आणि शाळा, नर्स, पालक यांच्यापर्यंत माहिती पोचवायची तरतूदही आहे. न्यू जर्सीत लाइमपासून बचावाच्या अभ्यासक्रमासाठी मार्गदर्शक सूचना आहेत, आणि लाइम झालेल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं कलम आहे. पण माहितीपत्रक भिंतीवर लागलं म्हणजे गोचीड निघाली असं होत नाही. चिमटा कुणी हातात घ्यायचा, हे लिहिलेलं हवं.

इथे नर्स, डॉक्टर, शिक्षक बरेच आहेत. तुमचं काय मत?

वैदेही_स्कूलनर्स

केतकी, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी पेनसिल्व्हेनियातच शाळेत नर्स आहे, म्हणून आतली बाजू सांगते.

इथल्या शालेय कायद्यानुसार एका नर्सकडे जास्तीत जास्त १,५०० विद्यार्थी असू शकतात. म्हणजे एकाच नर्सकडे दोन-तीन इमारती असणं अगदी कायदेशीर आहे. मी एका इमारतीत असते तेव्हा दुसऱ्या इमारतीत ऑफिसमधल्या बाई किंवा आरोग्य कक्षाची मदतनीस असते. त्यामुळे "शाळेतली नर्स गोचीड काढेल" एवढंच कायद्यात लिहिलं, तर निम्म्या दिवशी तो कायदा कागदावरच राहील. "नर्स, आणि ती नसेल तर प्रशिक्षण घेतलेली नेमून दिलेली व्यक्ती" असं हवं. अशी व्यक्ती प्रत्येक इमारतीत हवी.

काढायला लागणारं प्रशिक्षण अगदी थोडं आहे. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, गोचीड त्वचेच्या जितक्या जवळ पकडता येईल तितकी पकडायची आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायची. पिळायची नाही, हिसका द्यायचा नाही. तोंडाचा भाग आत राहिला आणि सहज निघत नसेल तर टोकरत बसू नये, त्वचा तो आपोआप बाहेर टाकते. मग साबण-पाणी किंवा अल्कोहोलने जागा आणि हात स्वच्छ करायचे. व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी हे सगळं कटाक्षाने टाळायचं. गोचीड आपणहून सुटायची वाट बघण्यात वेळ तर जातोच, शिवाय ती बिथरली तर तिच्या आतले जंतू त्वचेत जाऊ शकतात.

आणि एक, जागेचा मुद्दा. गोचिडी केसांत, कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे आणि जांघेत चिकटतात. कानामागची कुणीही काढावी. पण कपड्यांखालच्या जागेसाठी नियम वेगळा हवा: नर्सच, शेजारी दुसरी मोठी व्यक्ती, आणि मुलाची तयारी असेल तरच. नर्स इमारतीत नसेल तर अशा वेळी पालकांना लगेच बोलवायचं. हे लिहून ठेवलं नाही तर सगळेच कर्मचारी घाबरून सगळ्याच गोचिडींना हात लावायचं टाळतील.

अभय_देव

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. मुलांची काळजी मलाही आहे, पण दुसरी बाजू मांडतो.

दर वर्षी शिक्षकांवर एकेक नवं काम येतं. अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, फेफऱ्याचा प्रथमोपचार, मधुमेही मुलांची काळजी. प्रत्येक गोष्ट एकटी बघितली तर योग्यच आहे. पण उद्या मी काढलेल्या गोचिडीचा तुकडा आत राहिला, मुलाला नंतर लाइम झाला आणि पालक वकील घेऊन आले, तर माझ्या पाठीशी कोण? शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्ट माझी बाजू घेईलच याची मला खात्री नाही. आधी संरक्षण द्या, मग काम द्या.

केतकी_पी

अभय, तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि म्हणूनच मला कायदा हवा आहे, नुसतं परिपत्रक नको. पेनसिल्व्हेनियात शाळेच्या कर्मचाऱ्यांनी सद्भावनेने केलेल्या प्रथमोपचारांना दिवाणी दाव्यापासून संरक्षण देणारं कलम आजही आहे. हेतुपुरस्सर इजा आणि घोर निष्काळजीपणा एवढेच त्याचे अपवाद. पण "गोचीड काढणं हा प्रथमोपचार आहे" असं कुठे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर शिक्षक घाबरणारच. ते एक वाक्य कायद्यात आलं की तुमच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं. शिवाय वैदेही म्हणतात तसं काम नेमून दिलेल्या व्यक्तीला असेल, प्रत्येक वर्गशिक्षकाला नाही. आज तुमच्या वर्गात गोचीड दिसली तर निर्णय तुम्हाला एकट्याला घ्यावा लागतो. ते जास्त अवघड आहे.

निनाद

+१. वर्गशिक्षकाने दिसली की पाठवावं, काढणाऱ्याने काढावं. साधी गोष्ट आहे.

डॉ_शर्वरी

बालरोगतज्ज्ञ म्हणून लिहिते आहे. आमच्या अडचणी थोड्या वेगळ्या आहेत आणि कायदा लिहिणाऱ्यांना त्या बहुधा कुणी सांगत नाही.

पालक मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, "शाळेत गोचीड निघाली म्हणे." कधी? "मागच्या आठवड्यात." कशी होती? माहीत नाही. फुगलेली की चपटी? माहीत नाही. टाकून दिली. इथेच आमचे हात बांधले जातात. काही निवडक मुलांना लाइम टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लीन या प्रतिजैविकाची एकच मात्रा देता येते, मुलाच्या वजनानुसार. पण ती गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत द्यावी लागते. शिवाय गोचीड काळ्या पायांची म्हणजे हरणावरची असावी लागते, तो भाग लाइमचा असावा लागतो आणि ती ३६ तास किंवा जास्त चिकटलेली होती असा अंदाज बांधता यावा लागतो. हा अंदाज आम्ही गोचीड किती फुगली आहे यावरूनही बांधतो. चपटी असेल तर बहुतेकदा काहीच द्यावं लागत नाही आणि पालकांना निवांत झोप लागते.

शुक्रवारी दुपारी निघालेल्या गोचिडीची चिठ्ठी सोमवारी दप्तरात सापडली, तर ७२ तास जवळजवळ संपलेले असतात. म्हणून माझी मागणी अशी की कळवणं त्याच दिवशी आणि लेखी हवं. तारीख, वेळ, शरीरावरची जागा, आणि शक्य असल्यास नाण्याशेजारी ठेवून काढलेला गोचिडीचा फोटो. एवढं मिळालं तर फोनवरही निम्मे निर्णय घेता येतात.

दुसरं, त्या चिठ्ठीत पुढे काय बघायचं तेही छापलेलं असावं. लाइमचा त्वचेवरचा चट्टा साधारण ३ ते ३० दिवसांत येतो, बहुतेकदा आठवड्याच्या आसपास. लाइम झालेल्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना तो येतो, म्हणजे बाकीच्यांना येतच नाही. चावल्याबरोबर दिसणारी आणि दोन दिवसांत जाणारी छोटी लाली म्हणजे लाइम नव्हे. चट्टा हळूहळू पसरतो, बरेचदा खाजत नाही, दुखतही नाही. ताप, थकवा, सांधा सुजणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरकडे.

इथल्या सगळ्या पालकांसाठी कळकळीने सांगते. माहितीपत्रकांवर जो लाल-पांढरा गोल-गोल चट्टा छापतात, तो गोऱ्या त्वचेवरचा असतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो फिकट जांभळा, तपकिरी किंवा नुसता गडद डागासारखा दिसू शकतो, आणि मधली पांढरी कडी नसतेच अनेकदा. सावळ्या-काळ्या त्वचेच्या रुग्णांत लाइम उशिरा ओळखला जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. शाळेने दिलेल्या कागदावर वेगवेगळ्या वर्णांच्या त्वचेची चित्रं असणं मी कायद्यातच घालेन.

मंदार_जे

माझा आग्रह असा आहे की शाळेने गोचीड सरळ तपासणीला पाठवावी. ईस्ट स्ट्राउड्सबर्ग विद्यापीठाची प्रयोगशाळा गोचिडी तपासते. मग विधेयकात ते बंधनकारक का नको? मुलाला लाइमचा धोका आहे की नाही हे कळलं तर पालक सावध होतील.

डॉ_शर्वरी

मंदार, तुमची भावना समजते. पण त्या अहवालावरून उपचार ठरवू नयेत असं सीडीसी आणि संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटना दोघंही सांगतात, आणि ते मला पटतं. गोचिडीत जिवाणू सापडला तरी तो मुलाच्या शरीरात गेला असं सिद्ध होत नाही. आणि अहवाल निर्दोष आला तरी मुलाला न दिसलेली दुसरी गोचीड चावलेली असू शकते. मला भीती याच दुसऱ्या प्रकाराची वाटते. "गोचीड स्वच्छ निघाली" म्हणून आई-वडील चट्ट्याकडे बघायचं थांबवतात. शिवाय अहवाल येईपर्यंत ते ७२ तास निघून गेलेले असतात.

चावल्यावर लगेच मुलाच्या रक्ताची तपासणी करण्याचाही उपयोग नाही. शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, तोवर लाइम असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

मंदार_जे

ठीक आहे, पण मग गोचीड पालकांच्या हाती तरी द्या. कुठल्या जातीची आहे ते डॉक्टर बघतील, तपासायची की नाही ते पालक ठरवतील.

वैदेही_स्कूलनर्स

हे अगदी करता येण्यासारखं आहे. पारदर्शक चिकटपट्टीत किंवा झिप असलेल्या छोट्या पिशवीत बंद करून, वर तारीख लिहून, मोठ्या माणसाच्या हाती द्यायची. मुलाच्या हाती नको, बसमध्ये ती पिशवी उघडणारच.

सुनीता_म्युनिक

जर्मनीतली व्यवस्था सांगते, तुमच्या मसुद्याला उपयोग होईल.

इथे शाळेतली आणि बालवाडीतली मुलं कायद्यानेच अपघात विम्याखाली येतात. १९७१ पासून ही सोय आहे. शाळेच्या वेळेत किंवा सहलीत गोचीड चावली तर तोही विम्याच्या कक्षेतला अपघात धरला जातो. या विम्याची शिखर संस्था डीजीयूव्ही, तिचा सल्ला स्पष्ट आहे: गोचीड लवकरात लवकर काढावी, आणि ती काढणं हा प्रथमोपचार आहे. बालवाडीत प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून लेखी संमती घेऊन ठेवतात, त्यामुळे त्या क्षणी फोनाफोनी करावी लागत नाही. काढल्यावर जागेभोवती पेनाने खूण करायची, म्हणजे नंतर चट्टा आला तर कळतं. प्रथमोपचाराची नोंद वहीत होते आणि ती नोंद पाच वर्षं जपून ठेवावी लागते. पुढे मुलाला सांधेदुखी सुरू झाली तर ती नोंद पुरावा म्हणून कामी येते.

इथे आणखी एक कारण आहे. बव्हेरियात गोचिडींमधून मेंदूज्वराचा विषाणूही पसरतो आणि तो चावल्यावर अगदी थोड्या वेळात शरीरात जातो. त्याच्यावर लस आहे. लाइमवर मात्र इथेही लस नाही, म्हणून लवकर काढण्यावर सगळा भर.

केतकी_पी

सुनीताताई, प्रवेशाच्या वेळी संमती ही कल्पना फारच चांगली आहे! इथेही ऑगस्टमध्ये आपत्कालीन संपर्काचा फॉर्म भरतोच आपण. त्यात एक चौकट वाढवायची, पण उलट पद्धतीने: "गोचीड काढू नये असं वाटत असेल तर इथे खूण करा." फॉर्म भरायचा राहिला म्हणून मूल अडकून पडायला नको.

रोहिणी_कनेक्टिकट

मी इतके दिवस हा धागा नुसता वाचत होते. माझ्या मुलाला तिसरीत असताना लाइम झाला. गोचीड कुणालाच दिसली नाही, पाठीवरचा डाग आम्ही मुरूम समजत राहिलो आणि पहिल्या डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. गुडघा नारळासारखा सुजला तेव्हा निदान झालं. उपचारांनी तो बरा झाला, आज फुटबॉल खेळतो.

पण मधले महिने फार जड गेले. सकाळी उठवत नसे, दुपारी डोकं धरून बसायचा. शाळेला वाटलं टाळाटाळ करतोय. एका समुपदेशक बाईंनी '५०४ प्लॅन'बद्दल सांगितलं तेव्हा मार्ग निघाला. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातलं हे कलम आहे. आजारामुळे शिकण्यात मोठा अडथळा येत असेल तर शाळेला सवलती द्याव्या लागतात: परीक्षेला जास्त वेळ, खेळाच्या तासाला सूट, घरी अभ्यास, मधेच विश्रांती. लाइम झालेल्या मुलांनाही हे मिळू शकतं, पण पालकांनी लेखी मागावं लागतं.

माझी विनंती एवढीच की तुमच्या मागणीत चावल्यानंतरच्या मुलाचाही विचार असू द्या. न्यू जर्सीतलं ते शिक्षक प्रशिक्षणाचं कलम मला फार मोलाचं वाटतं. माझ्या मुलाच्या शिक्षकांना तो आजार माहीत असता, तर त्याने वर्गात इतकं ऐकून घेतलं नसतं.

अभय_देव

रोहिणीताई, हे वाचून गलबलून आलं. शिक्षक म्हणून सांगतो, आम्हाला याबद्दल कुणी काही शिकवत नाही. असं प्रशिक्षण आलं तर मी पहिला बसेन.

केतकी_पी

रोहिणी, लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. तुमचा मुद्दा घेतला आहे.

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून आमच्या आमदारांच्या कार्यालयाला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदा लिहिला आहे. वाचून सुचवा:

"विद्यार्थ्याच्या अंगावर गोचीड आढळल्यास शाळेतील नर्सने, ती उपस्थित नसल्यास प्रशिक्षित नेमलेल्या व्यक्तीने, ती विनाविलंब काढावी. पालकांशी संपर्क होईपर्यंत थांबू नये. पालकांनी आधी लेखी नकार दिला असेल किंवा गोचीड कपड्यांखालच्या खासगी जागी असून नर्स उपस्थित नसेल, तर पालकांना तत्काळ बोलवावे. गोचीड काढणे हा प्रथमोपचार मानला जाईल आणि त्यास असलेले कायदेशीर संरक्षण लागू राहील. पालकांना त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा व छायाचित्रासह लेखी कळवावे, सोबत लक्षणांची माहिती सर्व वर्णांच्या त्वचेवरील चित्रांसह द्यावी. गोचीड बंद पिशवीत पालकांच्या स्वाधीन करावी. नोंद शाळेने पाच वर्षे जतन करावी. लाइम झालेल्या विद्यार्थ्यांच्या गरजांबाबत शिक्षकांना वार्षिक प्रशिक्षण द्यावे."

तपासणी बंधनकारक करायचा मुद्दा मी मुद्दाम वगळला आहे.

वैदेही_स्कूलनर्स

मसुदा छान झालाय. एक मोठी जागा सुटली आहे. गोचिडी सगळ्यात जास्त सापडतात त्या मैदानाच्या कडेला, उंच गवतात आणि पाचोळ्यात. म्हणजे क्रॉस कंट्रीचा सराव, सहली, शाळा सुटल्यानंतरचे खेळ. तिथे तीननंतर ना नर्स असते ना ऑफिस. खसखशीच्या दाण्याएवढी पिल्लं मे ते जुलैमध्ये असतात आणि मोठ्या गोचिडी शरद ऋतूत, नेमके आपले खेळांचे दोन्ही हंगाम. "शाळेत" ऐवजी "शाळेच्या आवारात, सहलीत आणि शाळेने आयोजित केलेल्या कोणत्याही उपक्रमात" असं लिहा, आणि प्रत्येक प्रशिक्षकाच्या प्रथमोपचार पेटीत बारीक टोकाचा चिमटा असावा हे वेगळ्या ओळीत घाला. पेटीत बहुतेकदा बोथट टोकाचा असतो, त्याने गोचीड चेंगरते.

केतकी_पी

बदल केला. शुक्रवारी पत्र जाईल. आपापल्या मतदारसंघातून पाठवायचं असेल त्यांनी इथे नुसतं राज्याचं नाव लिहा, मी मसुदा विपूत (विचारपुशीत) पाठवते. न्यू जर्सीवाल्यांनी पाठवताना तिथल्या प्रशिक्षणाच्या कलमाचा उल्लेख करून फक्त बाकीच्या मागण्या ठेवा.